हौद

मी इतिहासकार नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात कामाला आहे. रात्रपाळी सुटली की डोळे चुरचुरतात, तरी वाचनालय उघडेपर्यंत पायरीवर बसून राहतो आणि मिळेल ते वाचतो. इथं लिहितोय ते असंच जमवलेलं आहे.

विषय ऐकून हसू नका. पाण्याच्या हौदात होणारं बाळंतपण. घरातल्या खोलीत फुगवायचा प्लॅस्टिकचा हौद मांडायचा, त्यात कोमट पाणी भरायचं. कळा वाढल्या की बाईनं त्यात उतरायचं. सगळं नीट चाललं असेल तर मूल त्या पाण्यातच जन्मतं. शेजारी शिकलेली, नोंदणी झालेली, पगारी सुईण असते. इंग्लंडात हे सरकारी आरोग्यसेवेतून होतं.

आमच्या अभ्यासमंडळात हा विषय काढला तेव्हा एक कार्यकर्ता म्हणाला, "गड्या, हे श्रीमंतांचे चोचले. आपल्या वस्तीत टँकरला रांग आणि तू हौद घेऊन बसलायस." सगळे हसले. मी रागावलो नाही, कारण सुरवातीला मीही असाच चिडलो होतो. त्याची हकीकत आधी सांगतो, म्हणजे इतिहास का शोधला ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण. एका सरकारी दवाखान्यात रात्री अकराला नेली. नळ कोरडा. "पाणी घेऊन या" म्हणून मला पिटाळलं. समोरच्या चहाच्या टपरीवरनं वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणले. आत बहीण लोखंडी टेबलावर उताणी. तिला उठून बसायचं होतं. "झोप गप, आता कशाला वरडतीस?" हे भिंतीतून मला ऐकू येत होतं. कागदावर आडनाव लिहून झाल्यावर बोलायची रीत बदलली, तेही मी पाहिलं. आजी बाहेर बाकड्यावर बसून पुटपुटत होती, "उकिडवी बसवा म्हनावं पोरीला. उतानं झोपून पोर खाली कसं यील?" तिला आत कोण सोडणार? पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. आम्ही पेढे वाटले आणि गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी केस कापायला गेलो. दुकानातल्या जुन्या मासिकात फोटो होता. निळा हौद, त्यात गोरी बाई गुडघे टेकून, हौदाच्या कडेवर डोकं ठेवून. खाली लिहिलेलं, सहाशे लिटर पाणी. मी हिशोब केला. पंधरा लिटरचा हंडा धरला तर चाळीस हंडे! एका बाळंतपणाला चाळीस हंडे आणि माझ्या बहिणीला चहाच्या टपरीवरचं पाणी. मासिक आपटलं. मग पुन्हा उचललं, दुकानदाराला विचारून घरी नेलं आणि आजीला दाखवलं.

आजी सुईण होती. सासूच्या हाताखाली शिकलेली. तिनं फोटो दूर धरला, जवळ धरला, बराच वेळ बघितला. म्हणाली, "बसलीया बराबर."

मी म्हटलं, "अगं, पाण्यात हाय ती."

"पान्याचं सोड. कुनी उतानी पाडली न्हाई तिला." मग जरा थांबून म्हणाली, "आन् एवढं पानी भरलं कुनी?"

आजीच्या ह्या दोन बोलांवर हा लेख उभा आहे. बाईला उताणी पाडली कुणी, आणि पाणी भरतं कोण.

०

पहिला प्रश्न. बाईनं पाठीवर पडून बाळंत व्हायचं, ही काही जगाच्या आरंभापासूनची रीत नाही. आपल्याकडं बाया उकिडव्या बसत, आढ्याला बांधलेली दोरी धरत. युरोपात बाळंतपणाची खास खुर्ची असे. १६६८ साली पॅरिसच्या फ्रान्स्वा मोरिसो ह्या डॉक्टरनं बाळंतपणावर मोठा ग्रंथ काढला, त्यात खुर्चीऐवजी बिछान्यावर आडवं होऊन बाळंत व्हावं असं सांगितलं. पुढं सुईणीच्या जागी पुरुष डॉक्टर आला, त्याचे चिमटे आले. डॉक्टरला वाकायला, बघायला, चिमटा लावायला बाई आडवी असलेली बरी. त्याची सोय हळूहळू शास्त्र म्हणून बसली. आणि तेच शास्त्र जहाजातून आपल्याकडं लोखंडी टेबल होऊन आलं.

पाण्यातल्या बाळंतपणाची युरोपातली पहिली छापील नोंद १८०५ ची आहे. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या वैद्यकीय नियतकालिकात आंब्री नावाच्या डॉक्टरनं ती दिली. एक बाई दोन दिवस कळा देत होती, थकून गेली होती. तिला आराम पडावा म्हणून कोमट पाण्याच्या टबात बसवली आणि थोड्याच वेळात मूल पाण्यातच झालं. डॉक्टरचं नाव पुढच्या पुस्तकांत येत राहिलं. बाईचं नाव आलं नाही. पुढं दीडशे वर्षं ह्या नोंदीकडं कुणी फारसं बघितलं नाही.

१९७४ साली फ्रेडरिक लबॉये ह्या फ्रेंच डॉक्टरचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं की जन्मणाऱ्या लेकराला आपण मारहाणीनं घरात घेतो. डोळ्यांवर झगझगीत दिवा, पाय धरून उलटं टांगणं, पाठीवर फटका. त्याऐवजी उजेड कमी करा, लेकरू आईच्या पोटावर ठेवा, मग कोमट पाण्यात बसवा. हा माणूस भारतात येऊन-जाऊन होता. कलकत्त्यात एक आई पाय पसरून बाळाला तेल चोळताना त्यानं पाहिली आणि १९७६ साली त्यावर पुस्तक काढलं, त्या आईच्याच नावानं, 'शांतला'. ते पुस्तक वाचून युरोपातल्या आया बाळाला चोळायला शिकल्या. आपल्या आज्यांनी गावभरची लेकरं न्हाऊ-माखू घातली तेव्हा त्याला विद्या कुणी म्हटलं नाही. पायलीभर जोंधळे आणि जुनं लुगडं एवढीच त्याची किंमत झाली.

आता पितिविये ह्या गावाकडं या. पॅरिसच्या दक्षिणेला लहानसं गाव. जुलै १९४२ मध्ये हिटलरच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ज्यू लोकांची मोठी धरपकड झाली. हजारो बायका-मुलांना ह्या गावच्या आणि शेजारच्या बोन-ला-रोलांदच्या छावण्यांत कोंडलं. ऑगस्टच्या सुरवातीला फ्रेंच शिपायांनी आयांच्या हातातनं लहान लेकरं ओढून काढली. आधी आया आउश्वित्झला गेल्या, मागाहून लेकरं. हे त्या गावानं बघितलेलं आहे.

वीस वर्षांनी, १९६२ साली, त्याच गावच्या सरकारी दवाखान्यात मिशेल ओदाँ नावाचा डॉक्टर आला. तो सर्जन होता, बाळंतपण ही त्याची विद्या नव्हती, म्हणून तो सुईणींकडून शिकला. त्यानं टेबल हलवलं. एक साधी, कमी उजेडाची खोली केली. बाईला वाटलं तर बसावं, ओणवं व्हावं, चालावं, ओरडावं. कळांनी कंबर मोडते तेव्हा पाण्यानं आराम पडतो हे त्यानं बघितलं आणि १९७७ च्या सुमारास खोलीत हौद आणला. पहिल्यांदा तर लहान पोरांनी अंगणात खेळायचा फुगवणीचा हौदच होता. मूल पाण्यात व्हावं असा त्याचा बेत नव्हता. पण काही बाया हौदातनं बाहेर यायलाच तयार होईनात, आणि मुलं पाण्यात जन्मू लागली. १९८३ साली 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरांच्या साप्ताहिकात त्यानं अशा शंभर बाळंतपणांचा हिशोब छापला.

त्या छावणीचा आणि ह्या खोलीचा कार्यकारणसंबंध आहे असं मी म्हणत नाही. पण आईपासून लेकरू ओढून घ्यायला सरकारी हुकूम पुरतो, आणि आईजवळ लेकरू ठेवायलाही सरकारी दवाखानाच लागतो, हे एकाच गावात दिसतं. आपण सरकारकडं काय मागायचं ते ह्यातनं मला समजलं. आणि हौद हा श्रीमंतांच्या बंगल्यात सुरू झाला नाही, एका लहान गावच्या सरकारी दवाखान्यात सुरू झाला, एवढं तर आमच्या हसणाऱ्या मित्रानं लक्षात घ्यावं.

०

इथं बुवाबाजीचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर इतिहास अर्धा राहील.

१९६० नंतर मॉस्कोत इगोर चार्कोवस्की नावाचा पोहण्याचा शिक्षक पाण्यातल्या जन्माचे प्रयोग करत होता. डॉक्टर नव्हता. पाण्यात जन्मलेली आणि वाढलेली मुलं वेगळ्याच ताकदीची निघतील, असं त्याचं सांगणं. घरातल्या काचेच्या टाकीत बाळंतपणं झाली, काळ्या समुद्राच्या पाण्यातही झाली. नुकती जन्मलेली पोरं तो पाण्यात बुडवून काढी. त्याचे फोटो जगभर गेले, भक्त तयार झाले. बाबासाहेबांनी आपल्याला चमत्कारापुढं मान तुकवायला शिकवलेलं नाही. पाण्यात जन्मलेलं मूल हुशार निघत नाही की बलवान निघत नाही. पाण्यानं काय होतं तेवढंच बघू.

पाण्यात अंग हलकं होतं. कंबरेवरचा भार उतरतो, बाईला हवं तसं वळता येतं, दुखणं सोसवतं. २०१८ साली पंधरा चाचण्यांचा, मिळून ३,६६३ बायांचा आढावा प्रसिद्ध झाला. कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसणाऱ्या बायांना कंबरेत टोचायच्या भुलीच्या इंजेक्शनाची गरज थोडी कमी लागते, आणि आईला किंवा मुलाला जास्त धोका झाल्याचं दिसत नाही, असं त्यात निघालं. थोडी कमी. चमत्कार नाही, पण खरं आहे.

मूल गुदमरत कसं नाही, हे मला सगळ्यांनी विचारलं. जन्मेपर्यंत त्याला प्राणवायू नाळेतनं मिळतो. निरोगी मूल चेहऱ्याला हवा लागल्यावर श्वास घेतं. म्हणून जन्मताच त्याला लगेच पाण्यावर आणायचं, आणि एकदा वर आलेलं तोंड पुन्हा पाण्याखाली जाऊ द्यायचं नाही. नाळ ताणायची नाही, ती तुटू शकते. पाणी ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं, साडेसदतीसच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दर तासाला मोजायचं. दिवस भरायच्या आधी कळा आल्या, मूल पायाळू असलं, जुळं असलं, रक्तदाब वाढलेला असला, अंगावरनं जास्त जात असलं, तर हौद नाही. थेट दवाखाना.

आणि पाणी ताजं पाहिजे. इंग्लंडात २०१४ साली एका बाळाला लिजनेला जंतूचा आजार झाला. हीटर बसवलेला हौद दिवस आधीच भरून ठेवलेला होता, त्या गरम साचलेल्या पाण्यात जंतू वाढले. सरकारनं असे हौद आधी भरून ठेवू नका म्हणून बजावलं. साचलेल्या पाण्याचं आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली मत दिलं की कळा पाण्यात द्यायला हरकत नाही, मूल मात्र बाहेर व्हावं. इंग्लंडातले लोक पाण्यातला जन्मही मान्य करतात. तिथं १९९४ ते १९९६ मध्ये पाण्यात झालेल्या ४,०३२ जन्मांचा हिशोब १९९९ साली छापला गेला. त्यात हजारामागे १.२ मुलं दगावली, आणि पाण्यात जन्मल्यामुळं दगावलं असं एकही आढळलं नाही. मात्र दोन मुलांच्या छातीत पाणी गेल्याचीही नोंद आहे. २०२४ साली साठ हजारांवर बायांच्या नोंदी तपासून झाल्या. कळांसाठी हौदात बसलेल्या, धोका नसलेल्या बायांमध्ये पाण्यात बाळंत झालेल्यांना बाहेर येऊन बाळंत झालेल्यांपेक्षा जास्त धोका नाही, असं ठरलं. हे सगळे आकडे शिकलेली सुईण शेजारी असलेल्या बाळंतपणांचे आहेत. ती नसेल तर ह्यातला एकही आकडा आपल्याला लागू नाही.

०

इंग्लंडात हे आपोआप झालं नाही. १९७० साली तिथल्या सरकारी समितीनं सगळी बाळंतपणं रुग्णालयातच व्हावीत अशी शिफारस केली. घरी बाळंत होणं जवळजवळ संपलं. १९८२ साली उत्तर लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयानं उभ्यानं, ओणव्यानं बाळंत व्हायला बंदी घातली. तेव्हा जॅनेट बालास्कस, शीला किट्झिंगर ह्या बाया पुढं झाल्या आणि हॅम्पस्टेडच्या माळावर हजारो बायका, पुरुष, कडेवर पोरं घेऊन जमले. मागणी एकच, आम्ही कसं बाळंत व्हायचं ते आम्ही ठरवू. कार्यकर्त्यांनो, बाळंतपणाच्या बैठकीसाठी मोर्चा निघतो, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं.

त्या दशकाच्या अखेरीस भाड्यानं मिळणारे हौद निघाले. १९९२ साली पार्लमेंटच्या आरोग्य समितीनं, निकोलस विंटर्टन तिचे अध्यक्ष, अहवाल दिला. सगळ्या बायांना सुरक्षिततेच्या नावाखाली रुग्णालयात ढकलायला पुरेसा आधार नाही, बाईला हवी ती बैठक घेता आली पाहिजे, आणि शक्य तिथं हौदाची सोय असावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं. पुढच्या वर्षी सरकारनं ते धोरण म्हणून उचललं.

पण नुसता अहवाल हौद भरत नाही. त्याच्या मागं नव्वद वर्षं होती. १९०२ च्या कायद्यानं सुईणींचं शिक्षण आणि नोंदणी आली. १९३६ च्या कायद्यानं पगारी सुईणी पुरवायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. १९४८ साली सगळ्यांसाठी फुकट आरोग्यसेवा आली. गल्लीगल्लीत नळ आला. तेव्हा कुठं साध्या घरातली बाई फोन उचलून म्हणू शकली, "मला घरी बाळंत व्हायचंय, पाण्यात." आणि सुईणी दारात येतात, प्राणवायूची नळकांडी घेऊन. बिघडलं तर रुग्णवाहिका असते.

एवढं असूनही तिथली रेघ पुसलेली नाही. २०१५-१६ मधल्या ४६,०८८ बाळंतपणांचा अभ्यास २०२१ साली छापला गेला. त्यातली ६,२६४ पाण्यात झाली. गोऱ्या बायांच्या मानानं काळ्या बाया पाण्यात बाळंत होण्याची शक्यता निम्म्याहून कमी, आणि आशियाई बायांची जेमतेम पाव. सुखवस्तू भागातल्या बाया पुढं, गरीब भागातल्या मागं. नळ सगळीकडं एकच आहे, सुईण फुकट आहे, तरी हौदापर्यंत पोचताना रंग आडवा येतो, पैसा आडवा येतो. आपल्याकडं काय आडवं येतं हे ह्या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

०

म्हणजे आजीचा दुसरा प्रश्न. पाणी भरतं कोण?

आजीच्या गावात पाटलाच्या वाड्यात सून अडली की रात्री कंदील घेऊन गडी महारवाड्यात येई. आजी जाई. वाड्यातल्या न्हाणीत, वाड्याच्या विहिरीच्या पाण्यात, चुलीवरच्या हंड्यातल्या कढत पाण्यात त्या रात्री तिचे हात चालत. ती सुनेच्या कंबरेवर गरम पाणी सोडी, तिला उकिडवी धरी, मूल झेली, नाळ कापी, वार पुरी. दहा दिवस बाळंतिणीचा विटाळ, म्हणून सगळं आजीनं करायचं. अकराव्या दिवशी घर शुद्ध झालं की आजी पुन्हा उंबऱ्याबाहेर. बहात्तरच्या दुष्काळात त्याच विहिरीवर ती घागर घेऊन उभी राहायची. वरनं कुणी ओतलं तर पाणी. जिच्या हातात तुमचा वंश पहिल्यांदा आला, तिच्या घागरीला तुमचा पोहरा लागू द्यायचा नाही!

आजीचं मी गोडवं गात नाही. तिच्या डोळ्यांदेखत बाया गेल्यात. एकीचं रक्त थांबलं नाही, बैलगाडी जुंपेपर्यंत ती संपली. आजी अजून तिचं नाव घेत नाही. देशात २००१ ते २००३ मध्ये लाख जन्मांमागं ३०१ आया मरत होत्या, २०१८ ते २०२० मध्ये ९७. हे दवाखान्यानं, रस्त्यानं, रक्तपेढीनं केलं. म्हणून कुणी हा लेख वाचून घरात पिंप भरून बायकोला त्यात बसवू नये. जो असलं सांगेल तो चार्कोवस्कीचा चेला.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. आपल्या इतिहासात एक घर आहे, पुण्याच्या गंज पेठेतलं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या ब्राह्मण विधवा रात्री येत, तिथं सुखरूप बाळंत होत. नाव विचारायचं नाही, शिवी द्यायची नाही. १८८४ साली जोतीरावांनी लिहून ठेवलं तोवर अशा ३५ बाया बाळंत होऊन गेल्या होत्या. त्यांतल्याच एका बाईचा मुलगा ह्या जोडप्यानं आपला म्हणून वाढवला, यशवंत. तो पुढं डॉक्टर झाला. आणि त्याच घरातला पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला.

एकाच घरात बाळंतपणाची खोली आणि हौद. आपण पुतळ्याला हार घालताना ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या भाषणांत सांगतो. एक स्त्रियांसाठी, एक अस्पृश्यांसाठी. पण त्या घरात दोन्हींचा विचार एकच होता. बाईला अब्रूनं बाळंत होता आलं पाहिजे, आणि पाणी सगळ्यांचं पाहिजे. युरोपातल्या त्या निळ्या हौदाच्या मुळाशी ह्याच दोन गोष्टी निघाल्या.

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मागनं त्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं. हे आपण पाठ केलंय. त्यानंतर सव्वा वर्षानं, २८ जुलै १९२८ ला, तेच बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यांतल्या बायांच्या प्रसूती-भत्त्याच्या बिलासाठी उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तो भार सरकारनं उचलावा, आणि सरकार उचलत नाही तोवर बाईच्या कामावर नफा मिळवणाऱ्या मालकानं उचलावा, असं ते बोलले. १९२९ साली कायदा झाला. ह्याच माणसाच्या घरातली चार लेकरं गेली होती. रमाईनं ते सोसलं होतं. तळ्याचं पाणी आणि बाळंतिणीची विश्रांती ह्या त्यांना दोन चळवळी वाटल्या नाहीत. आपल्याला का वाटाव्यात?

०

तेव्हा मागायचं काय? वस्तीत निळे हौद मागायचे का? नाही. पाच-सहा पिढ्यांनी मिळून भरलेला हौद एकदम उचलून आणता येत नाही. मोठ्या शहरांतल्या काही खाजगी रुग्णालयांत तो आहे, ज्याच्याकडं पैसा आहे तो जातो. आपण त्या हौदाच्या तळाशी जे आहे ते मागायचं.

एक, बाळंतपणाच्या खोलीत चोवीस तास पाण्याचा नळ. टपरीवरचा कॅन नको.

दोन, शिकलेली सुईण. २०१८ साली केंद्र सरकारनं परिचारिकांना दीड वर्ष शिकवून सुईण करायचं धोरण काढलं. ते आपल्या तालुक्यात कुठवर आलं ते विचारा. आणि हेही विचारा की पिढ्यानपिढ्या विटाळ म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम बांधलं, त्यांच्या नातींना आता पगार, गणवेष आणि प्रमाणपत्र असलेल्या ह्या जागा मिळतात का.

तीन, बाईचा शब्द. तिला बसायचं असेल तर बसू द्या, चालायचं असेल तर चालू द्या. शिवी नको, फटका नको, आडनाव बघून आवाज चढवणं नको. आणि तिच्या माणसांपैकी एक बाई तिच्याजवळ. हे शेवटचं तर मागायचंसुद्धा नाही. २०१६ सालीच केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीची बाई ठेवायला मान्यता दिली आहे. सोबतीण नात्यातली असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली. माझ्या बहिणीच्या वेळी हे पत्रक निघून वर्षं झाली होती. आम्हाला ठाऊक नव्हतं. चूक निम्मी आमची. पोस्टर लावायला आम्ही रात्र रात्र जागतो, पण बाळंतपणाच्या खोलीच्या दारावर काय लागलं पाहिजे हे आम्ही कधी वाचलं नाही. ते बायकांचं काम, असं आम्हालाही वाटत होतं.

बहिणीला पुन्हा दिवस गेलेत. सातवा चालू आहे. आमच्या मंडळानं गेल्या आठवड्यात दवाखान्यात निवेदन दिलं, नळ आणि सोबतीण, एवढंच. हसणारा मित्र सगळ्यांत पुढं होता. निवेदनाची पोच घेतली आहे. नळाचा प्लंबर अजून आलेला नाही, आम्ही रोज एकजण जाऊन विचारतो. प्रत्येक तालुक्यातल्या मंडळानं एक चक्कर मारावी. आधी नळ सोडून बघावा, मग भाषण करावं.

काल आजीनं विचारलं, "आवंदा मला आत सोडतील का रं?"

म्हटलं, "कागद हाय आपल्याकडं."

ती म्हणाली, "कागद तू धर. मी पोरीला धरते."

जय भीम.